बेड सतरा, डावा हात

निपाणीच्या सरकारी दवाखान्यात त्या रात्री
अडतीस बेड, जमिनीवर चार गाद्या,
आणि आम्ही दोघी.
मी कंत्राटावरची, दर मार्चात नव्यानं लागणारी.
दुसरी चंदगडाकडची अश्लेषा गावडे,
नोकरीला सव्वीस दिवस झालेली,
जिचे बूट अजून करकरायचे.

सतराला सत्यव्वा. हुक्केरीच्या बाजूची.
नखं तंबाखूनं पिवळी,
जुलाबानं पिळून निघालेली, पोटॅशियम तळाला.
सलाईनमधून ठिबक ठिबक चढवत होतो.
बाटलीवर लाल पट्टी, दोघींच्या सह्या,
थेंब दोघींनी मोजलेले, एकीनं बाटलीकडे
आणि एकीनं घड्याळाकडे बघत.
तिथं आम्ही चुकत नाही.

अडीचला खालून हाक आली, लेबर रूममध्ये एकटीच होती नलिनी.
मी गेले.
वर अश्लेषा, आणि बेचाळीस माणसं.

सत्यव्वा म्हणाली, "उरी."

पोरगी मराठी शाळेत शिकलेली.
तिच्या कानाला ते ऊर,
बाईंनी फळ्यावर लिहून दिलेली सप्तमी, उरी म्हणजे उरात.
धावली. ईसीजीचं मशीन ओढत आणलं,
छातीला जेली, मनगटाला चिमटे,
डॉक्टरांना फोन.
कागदावर सगळे डोंगर जागच्या जागी.
"अजून दुखतंय, आजी?"
"उरी, यव्वा, उरी."
परत कागद. परत डोंगर.

मी वर आले तेव्हा धुतलेले हात अजून ओलेच होते.
चादर वर केली.
चिमटा उजव्या मनगटाला होता, डाव्याचा
जरा वर सरकवून लावलेला, सुईला जागा सोडून.
आणि सुईभोवती हात पुरीसारखा टम्म,
कातडी ताणून चकचकणारी.

कन्नडात उरी म्हणजे आग. जळजळ.
पाऊण तास ती एवढंच सांगत होती.

ठिबक बंद. सुई काढण्याआधी
सिरिंजनं ओढून घेतलं, येईल तेवढं.
हात उशीवर उंच. दुसरीकडे शीर शोधली.
फोड आला नाही. कातडी काळी पडली नाही.
नशीब, म्हणाले मी. खरं नशीब
कुठल्या रकान्यात लिहायचं?

सकाळी फॉर्म.
औषध, मात्रा, वेळ, जबाबदार कर्मचारी.
भाषेला रकाना नाही.
दोघींत बेचाळीस, त्यालाही नाही.
फिलोमिना मेट्रन म्हणाल्या, जाऊ दे की,
हात बरा आहे, कशाला लिहालीस,
पोरीचं प्रोबेशन जाईल.
मायेनंच म्हणाल्या. तीस वर्षांत
अशा किती रात्री त्यांनी गिळल्या असतील,
चहाबरोबर, उभ्याउभ्या.

खरं न लिहावं तर पुढच्या महिन्यात
आणखी एक पोर येणार,
तिच्याही कानात तोच फळा.

लिहिलं.
जबाबदार कर्मचारी: नावं दोन.
मार्च सात आठवड्यांवर होता.

फाटकावरच्या पाटीवर कुठली अक्षरं वर, कुठली खाली,
यावरून बाहेर दर नोव्हेंबरात गळे सुकतात.
आत मात्र कुणी सांगितलं नव्हतं
की दुखण्याला दोन्हीकडे काय म्हणतात.

अश्लेषा दोन दिवस डबा तसाच परत नेत होती.
तिसऱ्या दिवशी ड्यूटीच्या वहीचं शेवटचं पान उघडून
सत्यव्वाच्या पायाशी बसली.
म्हातारी सांगालती, ही लिहालती,
दोघींना हसू येत होतं मधूनच, का ते मला कळलं नाही.
ब्यानी म्हणजे दुखणं.
तली म्हणजे डोकं.
उरी, आग. (हात, पाय, लघवी, छाती: बोट ठेवायला सांगणे.)
उसिरु म्हणजे श्वास.
उशीर नव्हे.

आठ वाजले.
नाईटची अजून एकच आली आहे.